‘योंग’ गिरवताना: शाई उगाळण्यापासून शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत

चिनी सुलेखन शिकायला सुरुवात बहुधा एकाच अक्षराने होते: 永, उच्चार ‘योंग’, अर्थ चिरकाल. सुलेखनातले आठ मूळ फटकारे या एका अक्षरात सापडतात. सुलेखनकार वांग शीझीने इ.स. 353 मध्ये एका कवितासंग्रहासाठी लिहिलेल्या प्रसिद्ध ‘लानतिंग’ प्रस्तावनेचं पहिलं अक्षरही हेच.

आधी शाई. शाईकांडी म्हणजे काजळी आणि प्राणिज सरस. ती दगडावर चंदनासारखीच उगाळायची, पण देवघरातली सहाण घेऊ नका. ती खरखरीत असते, शाईत कण येतात, आणि घरात बोलणी बसतील ती वेगळीच. शाईचा गुळगुळीत दगड घ्या. त्यावर अर्धा चमचा पाणी घाला, कांडी उभी धरून हलक्या हाताने गोल फिरवा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. जोर लावला की शाई दाणेदार होते. कागदावर एक रेघ ओढून वाळू द्या. राखाडी दिसली तर अजून उगाळा. काम झाल्यावर कांडी दगडावर टेकवून ठेवलीत तर सरसामुळे तिथेच चिकटते आणि सोडवताना कपची उडते. उरलेली शाई मुंबईच्या उकाड्यात कुजून वास मारते, म्हणून दगड रोज धुवा. सरावाला बाटलीतली चिनी शाई चालेल, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र नको; तिच्यातली लाख केसांत बसली की कुंचला गेलाच.

कुंचला मिश्र केसांचा, मधल्या आकाराचा घ्या. नुसत्या बकरीच्या केसांचा फार मऊ, नवख्याच्या हातात लोळतो. नव्या कुंचल्याच्या टोकाला खळ असते, ती थंड पाण्यात भिजवून सोडवा. गरम पाण्याने मुळाशी लावलेला डिंक सुटून केस गळतात. सोबत येणारी प्लॅस्टिकची टोपी फेकून द्या. ओल्या कुंचल्यावर ती चढवली की पावसाळ्यात बुरशी ठरलेली. धुतल्यावर टोक खाली करून टांगा. पेल्यात उभा ठेवलात तर पाणी मुळाशी उतरतं आणि तिथून तो सडतो.

शुआन कागद लगेच आणू नका. चीनच्या आन्ह्वी प्रांतातला हा कागद, त्यातही खळ न दिलेला, शाई पटकन पितो. हात जरा थबकला की डाग पसरतो. पहिले काही आठवडे जुनी वर्तमानपत्रं पुरतात. खाली घोंगडीची घडी, वर कागद, कडांवर वजन, आणि पंखा बंद. घाम येईल, पण पंख्याखाली कागद उडतो आणि शाईही लवकर वाळते.

बोरूने देवनागरी गिरवलेला हात इथे अडतो. बोरू तिरका धरतात, रेघेची जाडी त्याच्या कापातून येते. कुंचला उभा धरायचा, कोपर टेबलावरून उचललेलं, आणि जाडी फक्त दाबातून येते. मनगट टेकवून लिहिलं की लांब फटकारा मध्येच संपतो.

आता अक्षर. फटकारे आठ असले तरी कुंचला पाचदाच टेकतो. पहिला ठिपका: तिरका उतरा, दाबा, टोक आत वळवून उचला, कपाळावरच्या टिकलीसारखा गोल नको. दुसऱ्यांदा छोटी आडवी रेघ, तिथेच वळून उभा कणा, तळाशी डावीकडे आकडा. आडवी रेघ शिरोरेषेसारखी सपाट नसते, उजवीकडे किंचित चढते. आकड्याआधी थांबून केस एकत्र आणायचे, मग झटका. न थांबता झटका दिला की उंदराची शेपटी होते, आणि जवळपास प्रत्येकाची होते. तिसऱ्यांदा डावीकडे लहान चढती रेघ, तिच्याच टोकावरून खाली डावीकडे लांब उतार. चौथ्यांदा उजवीकडून कण्याकडे चोच मारल्यासारखा छोटा फटका. शेवटी तिथूनच खाली उजवीकडे जात दाब वाढवायचा, पायथ्याशी थांबायचं, मग कुंचला हळू उचलत आडवं बाहेर पडायचं. थांबणं विसरलं की पायाऐवजी नुसती काठी दिसते.

प्रत्येक फटकाऱ्याची सुरुवात उलट दिशेने: उजवीकडे जायचं तर टोक आधी कणभर डावीकडे. वार करण्याआधी तलवार मागे जाते, तसंच. तांग काळात हे नातं उघड मानलं जाई. कवी दू फूने 767 मध्ये लिहिलेल्या कवितेच्या प्रस्तावनेत नोंदवलंय, की गोंगसुन या नर्तकीचं तलवारनृत्य पाहून सुलेखनकार जांग शू याचं शीघ्रलेखन, म्हणजे अक्षरं जोडत भराभर लिहायची शैली, सुधारलं. सम्राट वेनझोंगने तर ली बाईच्या कविता, पेई मिनचं तलवारनृत्य आणि जांग शूचं शीघ्रलेखन यांना एकत्र ‘तीन अद्वितीय’ ठरवलं.

रोज वीस ‘योंग’ पुरे. विसाव्याला मान दुखत असेल तर कुंचला फार घट्ट धरलाय. आणि वीसही अगदी सारखे काढायच्या मागे लागू नका: ‘लानतिंग’मध्ये 之 हे अक्षर वीसच्या आसपास वेळा येतं, आणि वांग शीझीने ते दर वेळी वेगळं काढलंय.