दोन दिवसांत स्टॉकहोम पाहताना

स्टॉकहोम 14 बेटांवर वसलेले असल्यामुळे, हाती दोनच दिवस असतील तर स्थळांची यादी करण्याआधी नकाशा समोर ठेवावा आणि एका दिवसात एक-दोन बेटेच पाहायची असे ठरवावे. पहिली सकाळ यूरगोर्डन बेटावरील वासा संग्रहालयाला द्यावी, आणि ती घाईत उरकू नये. 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बंदराजवळ बुडालेली आणि 1961 मध्ये पाण्याबाहेर काढलेली 'वासा' ही युद्धनौका तेथे मंद उजेडात उभी आहे. तिच्या मागच्या भागावरील कोरीवकाम वरच्या मजल्यांवरून न्याहाळले, की लाकडातले सिंह आणि योद्धे एकेक करून डोळ्यांत भरू लागतात.

तेथून फेरीबोटीने स्लुसेनच्या धक्क्यावर यावे. शहर-वाहतुकीचे 24 किंवा 72 तासांचे तिकीट या बोटीवरही चालते. जवळच्या गामला स्तानमधली, म्हणजे जुन्या शहरातली, सर्वांत अरुंद गल्ली जेमतेम 90 सेंटीमीटर रुंद आहे, म्हणून पाठीवरची मोठी पिशवी मुक्कामीच ठेवलेली बरी. अनेक ठिकाणी रोख क्रोना स्वीकारत नाहीत, तेव्हा कार्ड जवळ असावे.

डिसेंबरात सूर्य दुपारी तीनच्या आधीच मावळतो. माझ्या मते पहिल्या भेटीसाठी जूनच निवडावा.