सोलापूरहून जॉली बॉयच्या प्रवाळांकडे जाताना

आपल्याकडे पोवळे म्हणजे अंगठीतला तांबडा खडा, त्यामुळे अंदमानातील जॉली बॉय बेटाजवळचे प्रवाळ पहिल्यांदा पाहणाऱ्या सोलापूरकराला तो दगडच वाटतो. वास्तविक ती असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात राहणारे शैवाल त्यांना अन्न आणि रंग देते. समुद्राचे पाणी फार तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. आधीच उष्णतेने खचलेल्या या जीवांवर आपला पाय पडू नये, याच विचाराने सहलीची आखणी करावी.

जॉली बॉय बेट ज्यात येते ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. पोर्ट ब्लेअरजवळ (आता श्री विजयपुरम) सुमारे २८१ चौरस किलोमीटरवर ते पसरले असून त्यात १५ बेटे आहेत. पर्यटकांना जॉली बॉय आणि रेडस्किन या दोनच बेटांवर आळीपाळीने जाता येते. साधारणपणे नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय खुले असते आणि उरलेल्या काळात रेडस्किन. माझ्या मते सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपून जानेवारीअखेरीस निघणे सर्वांत सोयीचे, कारण तेव्हा समुद्र बराच शांत असतो. वाडी, रायचूर, गुंतकल मार्गे रेल्वेने चेन्नई गाठावे आणि तेथून विमानाने पोर्ट ब्लेअरला उतरावे.

उद्यानात प्रवेशासाठी वन विभागाचा परवाना लागतो. दररोजची पर्यटकसंख्या मर्यादित असल्याने तो आदल्या दिवशीच काढावा आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. सोमवारी उद्यान बंद असते, हे परतीचे तिकीट काढण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. बोटी शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवरील वांडूरच्या धक्क्यावरून सकाळी सुटतात.

बेटावर प्लास्टिकला मनाई आहे आणि तेथे खाद्यपदार्थांचे दुकान नाही. येथे आपली शिदोरी कामी येते: कडक भाकरी प्रवासात टिकते, ती सुती फडक्यात बांधावी, शेंगाचटणी स्टीलच्या डब्यात भरावी आणि पाणी स्टीलच्या बाटलीत घ्यावे. उरलेले अन्न माशांना घालू नये. त्याने त्यांच्या खाण्याच्या सवयी बिघडतात.

पोहता येत नसेल तर काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ उत्तम दिसतात, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. स्नॉर्केलिंग (तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली पाहणे) करायचे असल्यास लाइफ जॅकेट घालावे, वाटाड्याच्या मागेच राहावे आणि दम लागला तरी खाली पाय टेकवू नये, तर पाठीवर तरंगत विसावा घ्यावा. उभे राहण्याच्या एका प्रयत्नात मोडलेली प्रवाळाची फांदी पुन्हा वाढायला कित्येक वर्षे लागतात. उन्हासाठी अंगाला क्रीम फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालावा, कारण काही क्रीममधील रसायने प्रवाळांना अपायकारक ठरतात.

किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा किंवा शिंपला मुलांनाही उचलू देऊ नये. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे मेलेला तुकडा सामानात सापडला तरी विमानतळावर कारवाई होऊ शकते. परतल्यावर वांडूरच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरण्यापूर्वी तेथील मगरींविषयीचा सूचनाफलक वाचावा. हिवाळ्यात तिकडे सायंकाळी पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून शहरात परतण्याचे वाहन सकाळीच ठरवून ठेवावे.