परीक्षेला ठाण्यात येताय? फुकट वाय-फायची तयारी घरूनच करून या

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा परीक्षेसाठी चिपळूणहून आला. संध्याकाळी ठाणे स्टेशनवर उतरला तेव्हा दिवसाचा डेटा गाडीतच संपलेला आणि हॉल तिकीट अजून डाउनलोड करायचं राहिलेलं. स्टेशनचं फुकट वाय-फाय त्याला पाच मिनिटांत मिळालं. अडलं ते पुढेच. साइटचा पासवर्ड आठवेना, नव्या पासवर्डचा ओटीपी जायचा बाबांच्या नंबरवर आणि बाबांचा फोन लागेना. रडकुंडीला येऊन त्याने दिसेल त्या उघड्या नेटवर्कला फोन जोडून पाहिला. मला भीती वाटते ती या घाईची. म्हणून ठाणे-नवी मुंबईत परीक्षेला किंवा मुलाखतीला येणाऱ्या मुलांसाठी हे लिहिते आहे.

निघायच्या आदल्या दिवशी हॉल तिकीट, ओळखपत्र आणि केंद्राचा पत्ता फोनमध्ये उतरवून ठेवा, शिवाय त्यांची छापील प्रतही घ्या. ठाण्यापासून पनवेलपर्यंतचा नकाशा ऑफलाइन घेऊन ठेवा. परीक्षेच्या खात्याला कोणाचा नंबर जोडलाय ते बघा आणि तो घरच्यांचा असेल तर त्यांना सांगून ठेवा, ‘उद्या फोन जवळ असू द्या.’ मेलला दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर त्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोनचे अपडेट घरीच उरका. आणि सिमची मुदत तपासा. सार्वजनिक वाय-फाय जोडायला लागणारा ओटीपी मेसेजनेच येतो, म्हणून मुदत संपून मेसेज येणं थांबलं असेल, तर फुकटचं वाय-फाय समोर असूनही उघडणार नाही.

ओटीपीची ही अट त्रासदायक वाटते, पण तिच्यामागे इथल्याच भागात घडलेली एक गोष्ट आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या, पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून. घरमालकाच्या नकळत कोणीतरी त्याचं नेट वापरलं होतं आणि चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागे लागला. पुढच्याच वर्षी दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवायला सांगितलं. म्हणून ‘आमच्या घरच्या वाय-फायला पासवर्ड कशाला’ म्हणणाऱ्यांना मी सानपाड्याची आठवण करून देते.

आता नेट शोधायचं कुठे? पहिली जागा रेल्वे स्टेशन. रेलटेल या रेल्वेच्या सरकारी कंपनीच्या या सेवेचं नाव ‘रेलवायर’. ती जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झाली. २०२१ मध्ये पैसे भरून घ्यायचे प्लॅन आले, तेव्हा रोजची पहिली ३० मिनिटं १ एमबीपीएस वेगाने फुकट ठेवली गेली. हिशेब केला तर अर्ध्या तासात फार तर २२५ एमबी उतरतात आणि गर्दीच्या वेळी त्याहून कमीच धरा. हॉल तिकिटाला, मेलला तेवढं पुष्कळ झालं. फुकटच्या वेळेसाठी मोबाईल नंबर आणि ओटीपी पुरतो. त्याच्यापुढे जाऊन कार्डाचा नंबर, यूपीआय पिन किंवा एखादं अॅप टाकायला सांगणारं पान दिसलं तर तिथून लगेच बाहेर पडा. नोंदणीचं पानच उघडत नसेल तर फोनच्या नेटवर्क सेटिंगमधला प्रायव्हेट डीएनएस किंवा व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) तात्पुरता बंद करून बघा, बहुतेक वेळा अडथळा तोच असतो.

दुसरी सोय पीएम-वाणीची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या या योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावालासुद्धा परवान्याशिवाय वाय-फाय देऊ शकतो, पूर्वी पीसीओ असायचे तसं. तिचं अॅप घरूनच घेऊन या. हे नेट बऱ्याचदा फुकट नसून थोड्या पैशांचं असतं. मॉलमध्ये किंवा हॉटेलात बसलात तर नेटवर्कचं नाव काउंटरवर विचारा आणि अक्षर न अक्षर जुळवून बघा. हुबेहूब नावाचा हॉटस्पॉट कोणीही आपल्या फोनवरून चालू करू शकतो. आपला फोन तर नुसत्या नावावर भाळून आपोआप जोडला जातो, म्हणून ऑटो-कनेक्ट बंदच ठेवा. लॅपटॉप असेल तर जोडताना ‘पब्लिक नेटवर्क’ निवडा.

जोडल्यावर काय करायचं? साइटचा पत्ता एचटीटीपीएसने (https) सुरू होत असेल तर त्याच नेटवर्कवर डोकावणाऱ्या मधल्या माणसाला तुम्ही कोणत्या साइटवर आहात हे कळू शकतं, पण तिथे काय टाइप करता ते दिसत नाही. मात्र ठगाच्या साइटलाही एचटीटीपीएस मिळतं, म्हणून साइटचं नाव स्वतः वाचा. क्रोमने तर २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलुपाचं चित्रच काढून टाकलं, कारण लोक ते पाहून साइटच खरी समजायचे. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर पुढे जाऊ नका, परीक्षेची वेळ झालेली असली तरी. बँक आणि यूपीआय मोबाईल डेटावरच करा. त्यासाठी प्रवासात थोडा डेटा राखून ठेवा, व्हिडिओ घरी गेल्यावर बघता येतात. डेटा संपलाच तर सोबतच्या मित्राचा हॉटस्पॉट घ्या. अनोळखी माणसाने आपणहून देऊ केलेला नको.

काम झालं की साइटवरून लॉगआउट करा आणि नेटवर्क ‘फॉरगेट’ करून मगच गाडीत चढा. पैसे गेल्याचा मेसेज आलाच तर घरी पोचायची वाट न बघता, फलाटावर उभ्या उभ्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तो नंबर आजच फोनमध्ये साठवा.