नॉनस्टिक तवा घेताना लेपाआधी धातू पाहावा

नॉनस्टिक भांडी घ्यायला गेलेल्या ग्राहकाचे लक्ष सर्वप्रथम लेपाकडे जाते. तो किती थरांचा आहे, त्यावर दगडासारखे ठिपके आहेत का, खोक्यावर ‘ग्रॅनाइट’ लिहिले आहे की ‘डायमंड’, याचीच चौकशी होते. माझ्या मते ही पाहणी चुकीच्या टोकाने सुरू होते. लेप कोणताही असला तरी रोजच्या वापरात तो काही वर्षांनी झिजणारच. तो लवकर झिजेल की बरीच वर्षे साथ देईल, हे मात्र त्याखालच्या धातूची जाडी, बुडाचा सपाटपणा आणि आपल्या शेगडीची आच यांवर मुख्यतः ठरते. म्हणून बेताच्या खर्चात टिकाऊ भांडे हवे असेल, तर पैसे धातूसाठी मोजावेत, लेपाच्या नावासाठी नव्हे.

यामागचे कारण लेपाच्या घडणीत आहे. बहुतेक नॉनस्टिक भांड्यांवर पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन या नावाने परिचित झालेले प्लास्टिक असते. रॉय प्लंकेट यांना ते १९३८ साली ड्युपाँट कंपनीत संशोधन करताना योगायोगाने सापडले. या पदार्थाला काहीच चिकटत नाही, पण त्यामुळेच तो धातूलाही सहजी चिकटत नव्हता. फ्रान्समधील मार्क ग्रेग्वार यांनी १९५४ च्या सुमारास ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग खरबरीत करून त्यातील सूक्ष्म खाचांमध्ये लेप रुतवण्याची युक्ती काढली आणि नॉनस्टिक पॅन स्वयंपाकघरात आला. लेप धातूशी एकजीव होत नाही, तो खाचांना धरून बसतो, ही गोष्ट खरेदी करताना आणि वापरताना कायम ध्यानात ठेवावी. तव्याला पोचा आला, बूड फुगले किंवा पातळ पत्रा एकाच जागी तापून वाकला, की ही पकड सैल होते आणि मग साध्या उलथण्यानेही पापुद्रे निघू लागतात.

जाडीचा दुसरा फायदा आचेशी संबंधित आहे. पीटीएफईच्या भांड्यासाठी सुमारे २६० अंश सेल्सिअस ही वापराची वरची मर्यादा मानली जाते. ३२७ अंशांना हे प्लास्टिक वितळते आणि साधारण ३५० अंशांच्या पुढे त्याचे विघटन वेगाने होऊन घातक वाफा निघतात. मोठ्या बर्नरवर ठेवलेला रिकामा पातळ पॅन काही मिनिटांतच २६० अंशांपलीकडे जाऊ शकतो. ज्योतीच्या कड्यावरचा भाग आधी तापतो, तेथील लेप तपकिरी पडतो आणि घावन नेमके त्याच कड्यावर धरू लागते. जाड ॲल्युमिनियम ही उष्णता बाजूला पसरवते, त्यामुळे असा एकच तप्त पट्टा तयार होत नाही. रोजच्या पॅनला किमान ३ मिलिमीटर आणि सपाट तव्याला शक्य तर ४ मिलिमीटर जाडी असावी असे मी सुचवेन. अनेक उत्पादक जाडी खोक्यावर छापतात. ती छापलेली नसेल तर भांडे हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा. तोंडाशी २४ सेंटिमीटर असलेला पॅन साधारण ३० सेंटिमीटरच्या चकतीपासून घडला असे धरले, तर २ मिलिमीटर पत्र्याचे वजन सुमारे ३८० ग्रॅम आणि ३ मिलिमीटर पत्र्याचे सुमारे ५७० ग्रॅम भरते. दांडा यात धरलेला नाही. एवढा फरक दोन पॅन दोन हातांत धरले की लगेच जाणवतो.

दुकानात भांडे खोक्यातून बाहेर काढायला सांगण्यात संकोच करू नये. ते काउंटरच्या काचेवर ठेवावे आणि काठावर एकेका बाजूने बोटाने दाबून पाहावे. नवे भांडेच डुगडुगत असेल तर ते घेऊ नये, कारण तापल्यावर हा दोष वाढतो. मग आतील पृष्ठभाग उजेडाकडे तिरका धरून पाहावा. सरळ पाहताना न दिसणारी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे, बुडबुडे किंवा लेपाचे ओघळ तिरक्या प्रकाशात उघडे पडतात. विशेषतः बूड वळून भिंत सुरू होते तो भाग आणि दांड्याच्या रिव्हेटांभोवतीची कड यांकडे नीट पाहावे. रिव्हेटच्या आतल्या डोक्याभोवती तेल व पीठ साठते आणि बऱ्याच पॅनचा लेप तेथूनच सुटायला लागतो. दांडा स्क्रूने बसवलेला असेल तर आतील बाजू सलग राहते आणि ढिला झालेला दांडा घरीच आवळता येतो, म्हणून रोजच्या वापरासाठी मला ती रचना अधिक सोयीची वाटते. मात्र स्क्रू आणि दांडा यांच्या सांध्यापर्यंत ज्योत पोहोचू नये यासाठी तेथे धातूचे लहान कवच आहे का, हे पाहावे.

आकाराच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा तोंडाचा व्यास सांगतो, बुडाचा नव्हे. उतरत्या कडांच्या पॅनचे बूड त्याहून कित्येक सेंटिमीटर लहान असते आणि ज्योत त्या बुडाबाहेर पसरली तर ती थेट कडेवर चढून लेप जाळते. चारजणांच्या घरात एक २४ सेंटिमीटरचा पॅन आणि एक २८ सेंटिमीटरचा सपाट तवा एवढे बहुधा पुरते. सणासुदीच्या सवलतीत मिळणारे पाच-सात नगांचे संच स्वस्त वाटतात, पण त्यातील नगांची जाडी अनेकदा कमी असते, आणि नॉनस्टिकची खरी गरज नसलेली कढई व पातेलेही त्यासोबत गळ्यात पडतात. आमटी, रस्सा, भात यांना नॉनस्टिक लागतच नाही. त्याच पैशात एकच जाड पॅन घेणे शहाणपणाचे.

नॉनस्टिकवर काय करायचे नाही, हेही खरेदीपूर्वीच ठरवून टाकावे. भाकरी आणि पोळीला कोरडा, कडक तापलेला तवा लागतो. ते काम लोखंडी किंवा बिडाच्या तव्याचे. घावन, आंबोळी, धिरडे, आम्लेट, पनीर, मऊ मासा अशा मध्यम आचेवर होणाऱ्या आणि उलटताना तुटणाऱ्या पदार्थांसाठी नॉनस्टिक राखून ठेवला, तर त्याचे आयुष्य सहज वाढते. कोकणातल्या अनेक घरांत वर्षानुवर्षे तेल पिऊन रुळलेला बिडाचा तवा असतो. तो तुमच्याकडे असेल तर घावनासाठी नॉनस्टिक विकत घेण्याची मुळीच गरज नाही.

घरात इंडक्शन शेगडी असेल तर फ्रिजवरचे लोहचुंबक सोबत न्यावे. ॲल्युमिनियम इंडक्शनवर तापत नाही, म्हणून बुडाला चुंबकीय पोलादाची चकती किंवा छिद्रांची जाळी दाबून बसवलेली असते. चुंबक बुडाच्या मध्यावर आणि कडेलाही घट्ट धरत असेल, तर ती चकती पुरेशी मोठी आहे असे समजावे. फक्त मध्यभागी धरणाऱ्या पॅनमध्ये आंबोळी मधोमध करपते आणि कडेला कच्ची राहते.

आता खोक्यावरच्या शब्दांविषयी. ‘ग्रॅनाइट’ किंवा ‘मार्बल’ म्हणून विकले जाणारे बहुतेक पॅन दगडाचे नसतात. त्यांवर ठिपक्यांचा किंवा खनिज कण मिसळलेला, बहुधा पीटीएफईचाच लेप असतो. ‘सिरॅमिक’ लेपाची जात मात्र खरोखर वेगळी आहे. तो सिलिकापासून बनतो आणि जास्त उष्णता सहन करतो, पण त्याचा न चिकटण्याचा गुण सहसा पीटीएफईपेक्षा लवकर ओसरतो. ज्यांना पीटीएफई नकोच आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, फक्त टिकाऊपणाच्या अपेक्षेने घेऊ नये. ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ हा लेपाचा प्रकार नसून ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विद्युत प्रक्रियेने तयार केलेला कठीण थर आहे. तो स्वतः नॉनस्टिक नसतो, पण त्यावर पीटीएफई असेल तर भांड्याचे अंग अधिक कणखर होते, आणि या शब्दासाठी थोडे जास्त पैसे देणे मला पटते.

‘पीएफओए-मुक्त’ या शिक्क्यामुळे अनेकजण निर्धास्त होतात. पीएफओए हे रसायन पूर्वी पीटीएफई बनवताना वापरले जाई. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले, परंतु त्याआधीच मोठ्या उत्पादकांनी त्याचा वापर थांबवला होता. त्यामुळे हा शिक्का असणे योग्यच आहे, तथापि केवळ त्यावरून दोन पॅनमध्ये निवड करता येत नाही. शिवाय पीएफओए नसणे म्हणजे पीएफएएस, म्हणजे निसर्गात सहजी न विघटणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांचा संपूर्ण गट, नसणे नव्हे. पीटीएफई स्वतः त्याच गटात मोडते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असे पदार्थ मुद्दाम घातलेल्या स्वयंपाकाच्या भांड्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे, हे तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी लक्षात घ्यावे. भारतात खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी ते बंधनकारक करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला असून संबंधित मानक आयएस १६६० आहे. रस्त्यावर वजनावर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या नॉनस्टिक भांड्यांवर ना उत्पादकाचा पत्ता असतो ना लेपाची माहिती. ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नयेत.

किमतीचा हिशेब वर्षांच्या भाषेत करावा. समजा, ५०० रुपयांचा पातळ पॅन एका वर्षात निकामी झाला आणि १,२०० रुपयांचा जाड पॅन चार वर्षे चालला, तर दुसरा वर्षाला ३०० रुपयांना पडला. त्याहून बराच महाग पॅन घेऊन त्याच प्रमाणात आयुष्य वाढत नाही, कारण वरचा लेप शेवटी झिजतोच. म्हणून मधल्या किमतीचा, जाड पत्र्याचा पॅन हीच माझी शिफारस आहे. हमीपत्र वाचताना ‘लेपाची नैसर्गिक झीज’ वगळलेली आहे का, हे पाहावे. बहुधा ती वगळलेली असते आणि मग पाच वर्षांची हमी प्रत्यक्षात दांड्यापुरती व उत्पादनातील दोषांपुरती उरते.

भांडे घरी आल्यावर त्याचे आयुष्य आपल्या हाती असते. पॅन कधीही रिकामा तापवू नये; थंड पॅनमध्येच तेलाचे बोट फिरवावे आणि मग मंद ते मध्यम आच लावावी. तेल येथे राखणदाराचे काम करते. घाण्याचे शेंगदाणा तेल १६० अंशांच्या आसपास आणि रिफाइंड साधारण २३० अंशांना धुरावते, म्हणजे लेपाची मर्यादा ओलांडण्याआधी धूर दिसतो. धूर दिसताच गॅस बंद करावा आणि खिडकी उघडावी. घरात पिंजऱ्यातला पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांना स्वयंपाकघरापासून लांब ठेवावे, कारण अतितप्त पीटीएफईच्या वाफांनी पक्षी मरतात, तर माणसाला थंडीतापासारखा त्रास होऊ शकतो.

थालीपिठाच्या बाबतीत एक जुनी सवय नॉनस्टिकला फार नडते. पहिले थालीपीठ थंड तव्यावर थापले जाते, ते उत्तमच; पण दुसरे थापण्यासाठी तापलेला तवा पालथा करून नळाखाली धरला जातो. लोखंडी तवा ते सोसतो. नॉनस्टिकचे बूड मात्र ‘चर्र’ आवाजासरशी आक्रसते, वारंवार असे झाले की फुगते आणि लेपाची पकड सुटते. दुसऱ्या थालीपिठापासून पुढची थालीपिठे ओल्या फडक्यावर थापावीत आणि अलगद तव्यावर उलटावीत. उलथणे लाकडी किंवा सिलिकॉनचे असावे. धारदार कालथा आणि सुरी यांना या भांड्याजवळ थारा देऊ नये.

धुण्याआधी पॅन पूर्ण निवू द्यावा. तारेची घासणी, काथ्या, राख आणि स्पंजची हिरवी खरबरीत बाजू ही सर्व वर्ज्य आहेत. भांडी घासायला मदतनीस येत असतील तर नॉनस्टिक मोरीत टाकूच नये, स्वतः दोन मिनिटांत धुऊन ठेवावे. रचताना दोन भांड्यांत जुने सुती कापड घालावे.

पॅन चिकटू लागला म्हणून लगेच फेकूनही देऊ नये. पुष्कळदा लेप शाबूत असतो आणि त्यावर तेलाचा पिवळट, चिकट थर बसलेला असतो, जो साध्या साबणाने निघत नाही. पॅनमध्ये पाणी व दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटे मंद उकळावे, कोमट झाल्यावर मऊ कापडाने पुसावे आणि धुऊन तेलाचे बोट फिरवावे. त्यानंतर घावन सुटले तर पॅन अजून कामाचा आहे. चांदीसारखा धातू दिसू लागला असेल, पापुद्रे निघत असतील किंवा बूड फुगले असेल, तर मात्र तो वापरातून काढावा. चुकून पोटात गेलेला कण सहसा न पचता बाहेर पडतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियममध्ये चिंच, कोकम, टोमॅटो शिजवणे योग्य नव्हे. असा पॅन भंगारवाल्याला द्यावा. ॲल्युमिनियमला तेथे वजनावर भाव मिळतो आणि धातू वितळवून पुन्हा वापरात येतो.