पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन तपासायचंय? आधी नमुना नीट काढा

मी नवी मुंबईतल्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत काम करते. पावसाळा लागला की गोरेगाव-जोगेश्वरीकडच्या तबेल्यांतून पेंडीचे नमुने येऊ लागतात. पुष्कळदा पिशवीत सरकी पेंडीची एकच मूठ असते, तीही सगळ्यात वरच्या पोत्यातली. अशा मुठीचा रिपोर्ट कितीही चांगला आला तरी त्यावर म्हशींचं खाणं ठरवू नका.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष मालात सारखं पसरत नाही. भुईमुगाचे शेकडो दाणे स्वच्छ निघतात आणि एखाद्याच दाण्यात भरपूर विष सापडतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, ते अशाच बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे.

म्हणून थप्पीच्या वरून, मधून, खालून अशा बऱ्याच पोत्यांत परखी (पोत्यातून माल काढायची टोकदार नळी) खुपसून माल काढा. भिंतीला लागलेली आणि जमिनीवर टेकलेली पोती मुळीच सोडू नका, मुंबईची ओल तिथेच मुरते. सगळं ताडपत्रीवर ओतून कालवा, ढीग करा, त्याचे चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला सारा. उरलेलं पुन्हा कालवून तेच करा, दोनेक किलो राहीपर्यंत. हा सगळा नमुना बारीक दळायचा आणि त्या पिठातूनच तपासणीपुरतं घ्यायचं. दळण्याआधी चिमूटभर उचललंत तर एवढी मेहनत वाया. नमुना कागदी किंवा कापडी पिशवीत पाठवा. दमट पेंड प्लास्टिकमध्ये बांधली तर बुरशी वाटेतच वाढते.

तबेल्यातच पट्टीचं किट वापरणार असाल तर सूचनापत्रक आधी वाचा. यातल्या बहुतेक पट्ट्या कोविडच्या किटच्या उलट चालतात: तपासणीची रेघ उमटली नाही म्हणजे विष जास्त. भरडलेल्या मक्यावर अतिनील टॉर्च मारून हिरवट-पिवळी चमक शोधणारेही आहेत. ती चमक बुरशीच्या कोजिक आम्लामुळे येते. त्यातून संशय घ्यावा, निर्धास्त मात्र होऊ नये, कारण चमक नसतानाही विष असू शकतं.

पेंडीतल्या बी-१ या अफ्लाटॉक्सिनच्या प्रकाराचा काही अंश म्हशीच्या शरीरात एम-१ हा दुसरा प्रकार होऊन दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही, आणि हेच दूध घराघरांत लहान मुलं पितात. आपल्याकडे दुधात एम-१ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. पेंड नापास झाली तर त्याच दिवशी बंद करा. चांगल्या पेंडीत थोडी थोडी मिसळून ती संपवू नका. खाणं बदललं की दुधातलं प्रमाण साधारण तीन-चार दिवसांत उतरतं, तेव्हा त्यानंतर दुधाचा नमुना पुन्हा तपासायला द्या.