बालरोगतज्ज्ञ व्हायचंय? नीटच्या मार्कांपलीकडच्या या चुका टाळा

बारावीनंतर एकही वर्ष वाया न घालवता शिकलात, तरी बालरोगतज्ज्ञ व्हायला साडेआठ वर्षं लागतात. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप आणि तीन वर्षं एमडी ही पदव्युत्तर पदवी. सरकारी कॉलेजात शिकलात तर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष आणखी. घरात मात्र सगळी चर्चा ७२० पैकी किती पडले यावरच चालते. मार्क लागतातच, पण मार्क चांगले असूनही वर्ष गमावणारी मुलं दरवर्षी दिसतात आणि त्यांच्या चुका बहुतेक टाळता येण्यासारख्या असतात.

बारावी कुठून, हा प्रश्न अकरावीला विचारा

कोचिंगसाठी मूल राजस्थानात जातं आणि बारावीही तिथल्याच शाळेतून देतं. निकालानंतर कळतं की महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासासोबत साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. मग सरकारी कॉलेजांमधल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांवरच भिस्त ठेवावी लागते. क्लास कुठेही लावा, बारावीचा फॉर्म भरण्याआधी राज्यातले प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका वाचा.

कागदपत्रांचंही तसंच. जातीचा दाखला आहे म्हणून घरचे निश्चिंत असतात, पण प्रवेशाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र मागतात. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, जुन्या महसुली नोंदी शोधाव्या लागतात. नावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी समितीकडून विचारणा होते. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करा. नॉन-क्रिमिलेअरवरची मुदतही पाहून घ्या, ती ३१ मार्चला संपते.

पसंतीक्रम भरताना ‘हे आपल्याला मिळणारच नाही’ म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकू नका. वाटप गुणवत्तेनुसार होतं आणि यादीत वरून पाहत जे पहिलं शक्य असेल तेच तुम्हाला मिळतं. वर लिहिल्याने काहीच तोटा नाही. खाली लिहिलं तर मिळू शकणारी जागाही हातची जाते.

परदेशातली आणि जवळची वाटणारी वाट

बीएएमएस करून पुढे कौमारभृत्यात, म्हणजे आयुर्वेदातल्या बालरोगात, एमडी करता येतं, पण ती आयुर्वेदाची पदवी आहे. आधुनिक वैद्यकातल्या बालरोगाच्या एमडीसाठी आधी एमबीबीएसच लागतं. हे आधी समजून घेऊन निवडलं तर काहीच हरकत नाही.

एमबीबीएससाठी परदेशात जाणाऱ्यांनी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम पाठ करावेत, कारण एजंट ते अर्धवट सांगतात. नीट पात्रता हवी, किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम हवा आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिपही हवी. परतल्यावर एफएमजीई ही पात्रता परीक्षा, त्यानंतर भारतात पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. फी स्वस्त म्हणून निघण्यापूर्वी ही सगळी वर्षं जमेस धरा.

इंटर्नशिप फक्त एमसीक्यूत (बहुपर्यायी प्रश्नांत) घालवू नका

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचं. पेडियाची, म्हणजे बालरोग विभागातली, पोस्टिंग काही आठवड्यांची असते आणि नीट-पीजी या एमडीच्या प्रवेश परीक्षेच्या धास्तीने कित्येक इंटर्न हजेरी लावून लायब्ररी गाठतात. बालरोग ही ब्रांच घ्यायची की नाही हे कळायला याहून चांगली संधी पुढे मिळत नाही.

बाळाचे श्वास मोजायला बसा. रडत्या बाळाचे मोजून चालत नाही, आधी ते शांत व्हावं लागतं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करण्याचा मोह टाळा, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थबकतो आणि मग भरभर चालतो. पूर्ण मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४०, इतके किंवा जास्त भरले की श्वास वेगाने चाललाय असं धरायचं.

डोसचंही तसंच. दहा किलोच्या मुलाला तापासाठी पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी १५०. पण सिरप पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचं आहे की २५०चं? एकात सहा मिली द्यावं लागतं, दुसऱ्यात तीनच. ‘एक चमचा द्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरच्या हातून इथेच चूक होते. बाटलीवरचं लेबल वाचून, वजन करून, आईला सिरिंजवरची खूण दाखवायची सवय याच दिवसांत लागते. रात्री तीनला घाबरलेल्या आईशी चिडचिड न करता बोलता येतं का, हेही इथेच समजतं.

डीसीएच की एमडी

डीसीएच हा बालरोगातला डिप्लोमा दोन वर्षांचा, एमडी आणि तिच्या बरोबरीचं डीएनबी तीन वर्षांचं. गावात दवाखाना काढून मुलांना तपासायचं असेल तर डीसीएच करून उत्तम काम करणारे डॉक्टर आहेत. पण नवजात शिशू किंवा बालमेंदूविकारात डीएम, म्हणजे एमडीनंतरची अतिविशेष पदवी, करायची असेल, किंवा मेडिकल कॉलेजात शिकवायचं असेल, तर साधारणपणे एमडी किंवा डीएनबी हवं. डीसीएचनंतर डीएनबीची वाट आहे, तिला वेगळी परीक्षा आणि आणखी दोन वर्षं लागतात. एम्स, चंदीगडचं पीजीआय, पुद्दुचेरीचं जिपमर या राष्ट्रीय संस्थांच्या जागा नीट-पीजीतून भरत नाहीत, त्यासाठी वर्षातून दोनदा आयएनआय-सीईटी होते, तिचा फॉर्म वेगळा भरा. समुपदेशनात जागा पक्की करण्याआधी त्याच विभागातल्या सध्याच्या रेसिडेंटला फोन करून विचारा: एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) किती खाटा आहेत, आणि ड्युटीवर सिनियर जागेवर असतात का.