इयत्ता नव्हे, पातळी पाहून वाचन कसे शिकवावे

सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, तर अक्कलकोट परिसरात अनेक घरांत कन्नड बोलली जाते. त्यामुळे चौथीतले मूल मराठी वाचताना अडखळले, तर ते नेमके कोठे अडते हे आधी पाहावे. प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट वाचायला द्यावी. मुलांना वाचता-गणित करता येते का हे तपासणाऱ्या, २००५ पासूनच्या ‘असर’ पाहणीची रीत हीच असून तिला फार वेळ लागत नाही. मग तिसरी ते पाचवीची मुले रोज तास-दोन तास इयत्ता विसरून पातळीनुसार बसवावीत. शिक्षणक्षेत्रातील ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची ही पद्धत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या २०१९ च्या नोबेल मानकऱ्यांनी प्रयोगांतून तपासली आहे.

अक्षरगटाला बाराखडीचा तक्ता, तर शब्दगटाला चादर, माग, हुरडा, भाकरी अशा ओळखीच्या शब्दांच्या चिठ्ठ्या द्याव्यात. मुलाने घरच्या भाषेतला प्रतिशब्द सांगितल्यास त्याला टोकू नये, तोही फळ्यावर लिहावा. अभ्यासक्रम मागे पडेल ही शिक्षकांची भीती रास्त आहे, परंतु वाचताच न येणाऱ्या मुलाचा अभ्यासक्रम केवळ नोंदवहीतच पूर्ण होतो. दर काही आठवड्यांनी तीच चाचणी घेऊन गट बदलावेत.